दुसरबीडात शंभर लिटर समुद्र

लेकरांनो, प्रश्न नामी विचारलात. लोणारचं पाणी खारट, समुद्राचंही खारट. लोणार आपल्या दुसरबीडपासून इतकं जवळ आणि समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरच्या पलीकडे. मग तो नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा घरात पाळायचा तर मुंबईकडे कशाला बघायचं? लोणारहून चार कॅन भरून आणले की झालं!

तसं नाही जमायचं. पण का जमायचं नाही, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती एकदा उमगली की टाकीत समुद्र कसा भरायचा, पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, हे तुमचं तुम्हीच सांगाल.

आधी खार येतो कुठून ते बघू. पावसाचं पाणी गोडं. ते आपल्या काळ्या खडकावर पडतं. हा बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पाणी त्यातून झिरपताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम कणाकणाने सोबत घेतं, इतकं थोडं की जिभेला पत्ता लागत नाही. आपली खडकपूर्णा ते घेऊन निघते, येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं ओलांडते, परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते, आणि गोदावरी ते बंगालच्या उपसागरात नेऊन ओतते. समुद्राच्या पुढे उतार नाही. तिथून पाण्याला एकच वाट, आभाळाची. ऊन तापलं की पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र तिथेच राहतात. नद्यांनी आणलेले क्षार, ज्वालामुखींच्या वायूंतून आलेलं क्लोरीन, असं सगळं कोट्यवधी वर्षं साचत गेलं. आज समुद्राच्या एका लिटरमध्ये सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात.

लोणारचीही हीच कहाणी. आभाळातून आलेल्या अशनीने याच बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पाडलं. गोमुखाच्या धारेचं गोडं पाणी त्यात उतरतं, पावसाचं उतरतं, पण बाहेर पडायला नाला नाही. पाणी उडून जातं, खार उरतो. हा खार माणसांनी फार पूर्वीपासून ओळखला होता. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारचं वर्णन आहे, आणि काच व साबण करायला लागणारा माल या डोंगरात मिळतो अशी नोंदही आहे.

काच आणि साबण म्हटलं की ओळखा, हा खार जेवणातल्या मिठाचा भाऊ नव्हे. हा सोडा. लोणारच्या पाण्यात मीठही आहे, पण सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचा जोर मोठा. तुमच्या बाबांनी शेतातल्या मातीची तपासणी करून आणली होती, त्या कागदावर ‘सामू’ लिहिलेला असतो बघा. समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास. लोणारच्या पाण्याचा १० च्या आसपास मोजला गेलाय. आकडा दोनच घरं पुढे दिसतो, पण सामूचं प्रत्येक घर दहा पटींचं असतं. म्हणजे अल्कधर्मीपणात फरक जवळजवळ शंभर पटींचा.

आता त्या पाण्यात मासा सोडला तर काय होईल? मासा खातो, त्यातली प्रथिनं पचवतो, आणि त्यातून अमोनिया तयार होतो. हे विष. मासा ते मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर सोडतो, श्वास घेता घेताच. बाहेरचं पाणी साधं असलं तर अमोनिया सहज निघून जातो. सामू १० असला की तो बाहेर पडायलाच मागत नाही, रक्तात साठत जातो, आणि मासा स्वतःच्याच विषाने मरतो.

इथे थांबा, कारण निसर्गाने यावरही तोड काढलेली आहे. केनियात मागाडी नावाचं सरोवर आहे, लोणारसारखंच सोड्याचं, सामू १० च्या घरातला. तिथे एक बोटाएवढा तिलापिया मासा राहतो. तो जगतो कसा? १९८९ साली शास्त्रज्ञांनी कोडं सोडवलं. तो मासा अमोनिया बाहेर टाकतच नाही, त्याचा युरिया करतो! आपण कपाशीला टाकतो तोच युरिया. माणूसही शरीरात तेच करतो, म्हणून आपल्या लघवीत युरिया असतो. पण आपला सगळा टाकाऊ नायट्रोजन युरियाच्या रूपात काढणारा हाडांचा मासा म्हणजे नवलच. त्या एका युक्तीवर तो अशा पाण्यात संसार करतो, जिथे रोहू-कटला टिकणार नाहीत. आपल्या नारंगी माशालाही ती युक्ती येत नाही. तेव्हा लोणारचे कॅन राहू द्या. शिवाय ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. तिथलं पाणी तिथेच शोभतं.

मग घरातलंच मीठ घालू, धाकट्याचं म्हणणं. एका लिटरला ३५ ग्रॅम, हिशोब सोपा. बरं, पण समुद्राच्या त्या ३५ ग्रॅममध्ये सोडियम आणि क्लोराइड मिळून तीसेक ग्रॅमच आहेत. उरलेल्यात सल्फेट आहे, सव्वा ग्रॅमहून थोडं जास्त मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम. माशाच्या कल्ल्यांना, नसांना, शंख-खेकड्यांच्या कवचांना हेच ‘उरलेलं’ हवं असतं. पुडीतलं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड.

खडे मीठ तरी चालेल? ते तर समुद्राचंच. उरण-पेणकडच्या मिठागरांत उन्हावर पिकवलेलं. पण मिठागरात काय होतं ते ऐका. १८४९ साली युसिल्यो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राचं पाणी हळूहळू आटवून बघितलं. पाणी निम्म्यावर आलं तेव्हा आधी चुनखडी खाली बसली. पाचव्या हिश्श्यावर जिप्सम बसलं. दहाव्या हिश्श्याला आलं तेव्हा कुठे मीठ धरू लागलं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहिले. मिठागरवाले मीठ ओढून घेतात आणि ते कडू पाणी सोडून देतात. म्हणजे कॅल्शियम आधीच्या वाफ्यात राहिलं, मॅग्नेशियम पाण्यासोबत गेलं. खडे मीठ समुद्रातून आलं खरं, पण ते पाण्यात घालून पुन्हा समुद्र होत नाही.

म्हणून इथे हात आखडायचा नाही. मत्स्यालयासाठी सगळे क्षार प्रमाणात मिसळलेलं तयार मीठ मिळतं, तेच घ्यायचं. शंभर लिटरला साडेतीन-चार किलो लागतं. पाणी बोअरचं नको. आपल्या बोअरचं पाणी जड, आणि शेतात टाकलेल्या खताचं नायट्रेटही त्यात उतरलेलं असू शकतं. गावात आरओ पाण्याचे वीस लिटरचे जार मिळतात, ते पाच घ्यायचे. गाळून क्षार काढलेल्या त्या पाण्यात आपण आपल्या हाताने समुद्र कालवायचा. तांब्या-पितळेची कळशी मात्र लांब ठेवा. तांबं अगदी थोडं उतरलं तरी शंख-खेकडे मरतात. आणि कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने टाकीत हात घालायचा नाही, साबणाने धुतलेला असला तरी त्या दिवशी नाहीच. अनेक कीटकनाशकं माशाला किड्याइतकीच घातक असतात.

टाकी किती मोठी? अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच केली की काठोकाठ एकशे दहा लिटर मावतं, आपण शंभर भरू. काच कापून सिलिकॉनने जोडून देणारा जालन्याला मिळेल, मेहकरलाही मिळेल. लहान बरणीसारखी टाकी स्वस्त पडते म्हणून लोक ती घेतात, पण थोडं पाणी लवकर तापतं, लवकर आटतं, लवकर नासतं. पाणी जास्त असलं की चूक सावकाश होते आणि सुधारायला वेळ मिळतो. माझ्या मते शंभर लिटरच्या खाली जाऊ नये. त्याचं वजन दगडांसकट दीडशे किलोच्या आसपास भरेल, तेव्हा टेबलावर ठेवायचा विचार सोडा. पक्का ओटा हवा, आणि खिडकीतलं ऊन थेट पडणार नाही अशी जागा.

आता खर्चात सगळ्यात मोठी बचत कुठे आहे ते सांगतो. ती आहे थांबण्यात.

टाकीत पाणी भरलं, मीठ मिसळलं, घनतामापकावर १.०२५ आलं, म्हणजे समुद्र झाला असं वाटेल. पण ते पाणी अजून उपाशी आहे, त्यात कामकरी नाहीत. माशाने सोडलेला अमोनिया शंभर लिटरच्या टाकीत जाणार कुठे? समुद्राच्या सामूला तो गोड्या पाण्यापेक्षा जास्तच झोंबतो. मग तो खाणारं कुणीतरी हवं. ते आहेत जिवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारी. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, जे मासा बऱ्यापैकी सोसतो. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमाराला मातीतून असे जिवाणू वेगळे काढले आणि दाखवलं की यांना उन्हाची गरज नाही, आयत्या सेंद्रिय अन्नाचीही नाही. अमोनिया ‘जाळून’ त्या ऊर्जेवर ते हवेतल्या कार्बनपासून आपलं शरीर बांधतात. आपल्या काळ्या रानात पावसानंतर युरियाचं नायट्रेट करणारे यांचेच भाऊबंद. कपाशी त्यांच्या जिवावर हिरवी होते.

पण हे जिवाणू वाढतात फार सावकाश. दुधात विरजण लावलं की रात्रीत दही होतं, तसं इथे होत नाही. चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा नसतो. आपण रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, ते सडून अमोनिया होतो, त्यावर ही मंडळी पोसतात. तपासणीच्या पट्टीवर आधी अमोनिया चढलेला दिसेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. दोन्ही शून्यावर आले की समजायचं, टाकी जिवंत झाली. हे न करता पहिल्या दिवशी मासे सोडणारे पुन्हा पुन्हा मासे विकत आणतात. पैसा तिथे जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे जीव जातात.

जिवाणूंना राहायला जागा लागते. परदेशात समुद्रातले ‘जिवंत दगड’ म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे सच्छिद्र खडक टाकीत ठेवतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली हे तंत्र जगापुढे मांडलं. महागडी यंत्रं काही नाहीत, फक्त असे दगड, थोडी सूर्यकिरणं आणि हवेचे बुडबुडे. खर्च कमी आणि मासे ठणठणीत! आपल्याकडे मात्र प्रवाळाला हात लावायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळाला आणि समुद्रघोड्यालाही संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. एक बोट वाढायला प्रवाळाला वर्षं लागतात. आपण जुन्या मातीच्या कौलांचे तुकडे घेऊ. रंग नसलेली, तेल न लागलेली कौलं उकळून, धुऊन घ्यायची. भाजलेल्या मातीला असंख्य बारीक छिद्रं असतात, जिवाणूंना ती घरं पुरतात. खाली रेतीऐवजी कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा धुऊन पसरला तर तो चुन्याचाच असल्याने सामू घसरू लागला की थोडा आधार देतो. नदीची रेती नको.

बुडबुड्यांची गोष्ट आणखी जुनी आहे. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणलं, बरणीत ठेवलं. वीज नव्हती, पंप नव्हता. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, म्हणजे हवा मिसळेल. नंतर त्यांनी समुद्री शेवाळही सोबत ठेवलं. ते जीव जगले, त्यांना पिल्लंही झाली. घरातल्या सागरी मत्स्यालयाच्या इतिहासातली ही अगदी सुरुवातीची पानं. तेव्हा आपल्याकडे लाइट गेली आणि बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी नसला, तर प्लॅस्टिकच्या मगाने पाणी उचलून वरून धार धरायची. हे काम मनापासून करायचं, कारण खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये आठ मिलिग्रॅमहून थोडा जास्त, समुद्राच्या पाण्यात सातच्याही खाली. उन्हाळ्यात आणखी कमी.

उन्हाळ्याचं म्हणाल तर आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि या माशाला हवं असतं २५ ते २८ अंशांचं पाणी. थंड करणारं यंत्र टाकीहून महाग. पण कोरडी हवा ही आपल्याकडची संपत्ती आहे. टाकीवर आडवा छोटा पंखा लावायचा, वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून गेला पाहिजे. एक लिटर पाणी उडताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. बाहेरची उष्णता आत आलीच नाही असं धरलं तर तेवढ्यात शंभर लिटर पाणी सहा अंशांच्या आसपास उतरेल. प्रत्यक्षात दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा एवढं काम करत नाही. आपला कूलर तिकडे चालत नाही, ते याच कारणाने. हिवाळ्यात उलट, रात्री पारा दहा-बारावर येतो, तेव्हा छोटा हीटर लागेल. तो चांगलाच घ्यायचा.

आणि इथे लोणार पुन्हा आपल्या घरात येतं. पंख्याने पाणी उडालं, खार कुठे गेला? कुठेच नाही. म्हणून टाकीत रोज जे पाणी कमी होतं ते साध्या आरओ पाण्याने भरायचं, मिठाच्या पाण्याने नाही. करून बघा हिशोब. रोज लिटरभर पाणी उडालं आणि तुम्ही खारं पाणी भरत राहिलात, तर रोज ३५ ग्रॅम मीठ वाढेल. महिन्यात एक किलोच्या वर. ३५ चं प्रमाण ४५ वर जाईल. काचेवर खूण करून ठेवा आणि सकाळी त्या खुणेपर्यंत गोडं पाणी. मीठ घालायचं ते फक्त आठवड्याला पाणी बदलताना. दहा लिटर काढायचं, दहा लिटर नवं कालवलेलं घालायचं. म्हणजे अर्धा जार आणि साडेतीनशे ग्रॅम मीठ. साठलेलं नायट्रेट त्यासोबत निघून जातं, म्हणून फेसासोबत घाण काढणारं महाग यंत्र आपल्याला लागत नाही. दिवाही साधा एलईडी चालेल, कारण आपण प्रवाळ ठेवणार नाही.

माय, तू विचारलंस की एवढ्या मिठात राहून माशाला तहान लागत नाही का. लागते! आपल्या खडकपूर्णा धरणाच्या, म्हणजे संत चोखामेळा सागराच्या गोड्या पाण्यातला रोहू पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याच्या अंगातले क्षार बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून पाणी आपणहून त्याच्या कल्ल्यांतून आत शिरतं आणि तो ते सतत लघवीवाटे काढत असतो. समुद्रातल्या माशाचं रक्त समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच खारट. त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. म्हणून तो समुद्र पितो, घटाघट पितो, आणि कल्ल्यांतल्या खास पेशी जादा मीठ वेचून बाहेर फेकतात. पाण्यात राहून पाण्यासाठी झगडणारा जीव आहे तो. म्हणूनच नवा मासा आणला की त्याला एकदम टाकीत सोडायचं नाही. पिशवीतल्या पाण्यात टाकीतलं पाणी थोडं थोडं मिसळत तासभर जाऊ द्यायचा, त्या पेशींना जुळवून घ्यायला.

आणायचे फक्त दोन, तेच नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश. घेताना दुकानदाराला एकच गोष्ट विचारायची, मासा उबवणीचा की समुद्रातून पकडलेला? उबवणीचा घ्यायचा. तो टाकीत वाढलेला असतो, तयार खाद्य खातो, आणि त्याच्यासाठी कुणी प्रवाळाचं रान उसवलेलं नसतं. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास करून दाखवली. आपल्या महाराष्ट्रातही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत समुद्री माशांची उबवणी उभी राहिली आहे. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्र हाताशी ठेवून. आज पुस्तकातलं रसायन आणि उबवणीतला मासा घेऊन दुसरबीडसारख्या गावातही हे करता येतं.

या माशांचं नवल असं की जन्मतात ते सगळे नरच होण्याच्या वाटेवर. दोघे एकत्र ठेवले की जो मोठा, दांडगा, तो काही महिन्यांत मादी होतो. दुसरा नर राहतो. पुढे मादी मेली तर तो नर मादी होतो. अंडी घातल्यावर राखण करतो तो बाप, पंखांनी वारा घालतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. आठवडा-दहा दिवसांनी, अंधार पडल्यावर, ती फुटतात. कौलाचा एक सपाट तुकडा मुद्दाम उभा ठेवू, अंडी तिथे घालतील.

नीट ठेवला तर हा मासा वीस वर्षंही जगतो. म्हणजे तुम्ही दोघं कॉलेजला जाल, नोकरीला लागाल, तरी तो इथेच असेल. तेव्हा मासे आणण्याआधी आपण ठरवून टाकू, तुम्ही नसताना त्या खुणेपर्यंत गोडं पाणी कोण भरणार. सुरुवात पाऊस ओसरल्यावर करू, ना कडक ऊन ना कडाक्याची थंडी. आश्विनात पाणी भरलं तर दिवाळी उलटेपर्यंत जिवाणू कामाला लागलेले असतील. तोवर तुम्ही वही घाला आणि रोजचा अमोनिया, नायट्राइट, घनता, तापमान लिहून मला दाखवा. आकडे शून्यावर आले की जाऊ मासे आणायला.